आपापला पिझ्झा

मंगळवारी संध्याकाळी आठ वर्षांच्या नातीनं व्हिडिओ कॉलवर रामहरींना एक साधा प्रश्न विचारला आणि त्यांनी त्याचं खोटं उत्तर दिलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

प्रश्न असा होता, "आजोबा, तुमचे मित्र कोण कोण आहेत?"

नात शिवांजली पुण्यात. तिच्या सोसायटीत आदल्या रविवारी पिझ्झ्याची पार्टी झाली होती. म्हणजे एकानं घर द्यायचं, सामान मांडायचं आणि आलेल्या प्रत्येकानं आपापला पिझ्झा आपण करून खायचा. तीन वर्षांच्या पोरापासून कवळी लावणाऱ्या आजीपर्यंत सगळ्यांनी केला होता म्हणे. हे सगळं एका दमात सांगून झाल्यावर तिनं सहज आजोबांच्या मित्रांची चौकशी केली.

रामहरींनी छताकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लई हायत. दर रविवारी घरीच येत्यात की."

"मग तुम्ही पण पिझ्झा पार्टी करा. मी रविवारी सहा वाजता कॉल करते. मला सगळे दाखवा हं."

फोन बंद झाला. घरात पंख्याची कटकट तेवढी राहिली.

रामहरींनी तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली होती. पंचेचाळीस सीटांच्या गाडीत नव्वद माणसं, त्यांच्या पेट्या, कोंबड्या, रडणारी लेकरं आणि ओकणाऱ्या बाया, ह्या सगळ्यांतून वाट काढत ते रोज उमरगा ते सोलापूर आणि परत असं जात-येत. "पुढं सरका, मधी जागा हाय" हे वाक्य ते झोपेतही म्हणत, असं बायको मथुराबाई सांगायची. माणसांचा त्यांना इतका वीट आला होता, की निवृत्तीनंतर त्यांनी मुद्दाम उमरग्याच्या टोकाला, हायवेच्या पलीकडं, नव्या कॉलनीत घर बांधलं. शांतता पाहिजे होती. ती मिळाली. वास्तुशांतीनंतर आठच महिन्यांत मथुराबाई गेली आणि मग तर शांततेला काही धरबंधच उरला नाही. कॉलनीत त्यांचं सोडून चौदा घरं, चौदा लोखंडी गेटं, आणि सगळी बंद. दुपारचा आणि रात्रीचा डबा मेसवाला गेटला अडकवून जायचा. रामहरी तो घ्यायला जरा लवकर जाऊन उभे राहायचे. तर मेसवाला नेमका त्याच्या आधी येऊन गेलेला असायचा.

तर आता रविवारपर्यंत मित्र गोळा करायचे होते. हातात चार दिवस होते.

सामानाचं सोपं होतं. बेकरीवाल्यानं पिझ्झ्याचे पाव मागवून द्यायचं कबूल केलं. रामहरींनी बारा सांगितले. चौदातली तीन घरं कुलूपबंद, राहिली अकरा. त्यातल्या चार घरांतून एखाद-दुसरं माणूस आलं तरी फोनवर दाखवण्यापुरते मित्र झाले. उरलेले पाव आपण आठवडाभर खाऊ, असा हिशेब. शिमला मिरची, कांदा, टोमॅटो, मक्याचे दाणे, चीज. ओव्हन नव्हता, पण कढईत मीठ पसरून, वर झाकण ठेवून पिझ्झा होतो, असं एका बाईनं मोबाईलवर दाखवलं होतं. रामहरींनी गुरुवारी साध्या पावावर एक करून पाहिला. खालून काळा आणि वरून कच्चा झाला. शुक्रवारचा बरा झाला.

अवघड होतं ते आवतण.

पहिल्यांदा ते शेजारी गेले. शेजारी शांतलिंग, किराण्याचा ठोक व्यापारी. तीन वर्षांत दोघांची ओळख गाडी थोडी पुढं लावा, इतकीच झालेली. रामहरींनी गेटवरूनच सांगितलं, की रविवारी चार वाजता घरी या, सगळ्यांना घेऊन या, पिझ्झा खायचाय.

शांतलिंगनं गेट निम्मं उघडलं. "काय हाय रविवारी?"

"काही न्हाय. असंच."

"असंच म्हंजे?"

"असंच म्हंजे… असंच."

शांतलिंगनं मान डोलावली आणि गेट लावलं. पण त्याला काही चैन पडेना. बारसं असतं, जावळ असतं, वास्तुशांती असते, पोरगं नोकरीला लागलं म्हणून पेढे असतात. ह्यातलं काहीच नसताना माणूस अकरा घरांना जेवू घालतो, म्हणजे ह्यात काहीतरी आहे आणि ते तो सांगत नाही, म्हणजे मोठंच असणार. रात्री जेवताना त्यानं बायकोला, शिवलीलाला, आपलं अनुमान सांगितलं. एकटा माणूस, पेन्शन, स्वतःचं घर. दुसरं लग्न ठरवलंय. आता लोकांना हळूच बाई दाखवायची असेल. शिवलीलाला ते पटलं. तिनं सकाळी पलीकडच्या घरी सांगितलं आणि आहेराला टॉवेल-टोपी न्यावी की बाईसाठी खणही न्यावा, ह्यावर दोघींची बराच वेळ चर्चा झाली.

तिसऱ्या गल्लीतल्या कृष्णराजचं अनुमान वेगळं होतं. कृष्णराज प्लॉटचे व्यवहार करायचा आणि येत्या नगरपालिकेला वॉर्डातून उभं राहायचं त्याच्या मनात होतं. त्याच्या दारात जाऊन रामहरींनी "सगळ्यांनी या, माणसं जमली पाहिजेत" असं म्हटल्याबरोबर तो सावध झाला. माणसं कोण कशाला जमवतो? ह्या म्हाताऱ्याला तेहतीस वर्षं अख्खा तालुका तोंडानं ओळखतो. हा उभा राहिला, तर आपलं काय? त्यानं ठरवलं, जायचं, आणि आपली माणसं घेऊन जायचं. कार्यक्रम त्याचा असला तरी गर्दी आपली दिसली पाहिजे.

राहिलेल्या घरांत कुणाला वाटलं ही ड्रेनेजची मीटिंग आहे, कुणाला वाटलं साखळीनं औषधं विकायची योजना आहे. "आपापला पिझ्झा आपण करायचा" ह्या अटीनं तर गोंधळ आणखी वाढला. जेवायला बोलावून स्वयंपाक पाहुण्यांच्या गळ्यात घालणारा यजमान आजवर कुणी पाहिला नव्हता, आणि तो पाहिल्याशिवाय राहणं कुणालाच शक्य नव्हतं.

रविवारी चार वाजता रामहरी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. सव्वाचार वाजले. कुणी आलं नाही. साडेचार झाले. त्यांनी आत जाऊन बारा पाव पुन्हा एका ओळीत मांडले, कापलेल्या कांद्यावर ताट झाकलं आणि शिवांजलीला काय सांगायचं, ते मनाशी जुळवायला लागले. मित्रांना ताप आलाय. सगळ्या मित्रांना एकदम ताप आलाय.

आणि मग आले. वीस मिनिटांत अकरा घरांतली चौतीस माणसं आणि कृष्णराजची नऊ. पोरं थेट जिन्यावर चढली, बाया घरात शिरल्या, पुरुषांनी खुर्च्या बाहेर काढल्या. शांतलिंगनं आपल्या आईला, ऐंशीच्या पुढच्या इरम्माला, हाताला धरून आणलं आणि आतल्या खोलीत पलंगावर बसवलं. मग तिला तिथंच ठेवून तो लगेच बाहेर पुरुषांत गेला. रामहरींच्या खांद्यावर एकापाठोपाठ एक चार टॉवेल पडले. शिवलीलानं स्वयंपाकघरात, न्हाणीत आणि देवघरात डोकावून पाहिलं आणि मैत्रिणीला खूण केली, की बाई अजून आलेली दिसत नाही.

त्रेचाळीस माणसं आणि बारा पाव. रामहरींनी पावांकडं पाहिलं. गाडीत माणसं जास्त झाली तर पुढं सरका म्हणता येतं. इथं काय म्हणायचं, हे त्यांना सुचेना. त्यांनी भीत भीत शिवलीलाला सांगितलं, की पाव कमी पडणार असं दिसतंय.

शिवलीलानं एकदा माणसं मोजली, एकदा रामहरींचं तोंड पाहिलं आणि पदर खोचला. "भाकरी करू. पिठाला काय तोटा हाय व्हय?" तिनं आपल्या घरून ज्वारीचं पीठ आणवलं, दोन घरांतून तवे मागवले, आणि पुढच्या पाऊण तासात जे काही झालं, ते मोबाईलवरच्या त्या बाईनं पाहिलं असतं तर चक्कर येऊन पडली असती. भाकरीवर ठेचा, ठेच्यावर कांदा, कांद्यावर चीज, चीजवर शेंगदाण्याची चटणी. एका आजोबांनी आपल्या भाकरीवर आदल्या रात्रीचं पिठलं घरून आणून पसरलं. पोरांनी बाराच्या बारा पाव पहिल्याच झटक्यात पळवले आणि त्यांच्यावर टोमॅटोचे डोळे आणि मिरचीच्या मिशा काढल्या. हसणं, ओरडणं, चीज ओढून धरलेल्या तारा, "माझी कुठली, ही तुझी" अशी भांडणं. घर नुसतं दणाणून गेलं.

रामहरी कढईपाशी उभे राहायला गेले. "काका, जरा सरका," एक बाई म्हणाली. ते सरकले. चुलीपासून ओट्याच्या टोकाला, तिथून दाराला, दारातून हॉलमध्ये. हॉलमध्ये पोरं लोळत होती. बाहेर खुर्च्या भरलेल्या आणि मधल्या खुर्चीवर कृष्णराज बसून पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होता. रामहरी भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्याकडं कुणी रागानं पाहत नव्हतं, की प्रेमानंही. गाडीत उभ्या असलेल्या माणसाकडं बसलेली माणसं जशी पाहतात, तसे सगळे पाहत होते.

तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. त्रेचाळीस माणसांचे पिठाचे हात धुऊन टाकी कोरडी पडली होती. कुणीतरी ओरडलं, "पाणी न्हाय हो." रामहरींना एकदम बरं वाटलं. निदान हे काम त्यांचंच होतं. त्यांनी मोटार सुरू केली. ती नुसती घरघरली. पाइपात हवा धरली होती. ते पिण्याच्या पाण्याचा भरलेला हंडा घेऊन गच्चीवर गेले, वरचा पाइप उघडला, त्यात पाणी ओतलं आणि हवा जाईपर्यंत तोंडावर तळहात दाबून धरला. हात काढला, की पुन्हा पहिल्यापासून.

सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. खाली, फ्रिजवर ठेवलेला फोन वाजला.

रामहरींना तो ऐकू आला. जिन्याच्या पोकळीतून सगळंच वर ऐकू येत होतं. त्यांनी दुसरा हात मोटारीच्या बटणासाठी पुढं केला, पण बटण खाली होतं. फोन कुणीतरी उचलला. मग शेवटच्या घरातल्या बाईचा आवाज आला, "कोण पाहिजे बाळा? आजोबा? कोणचे आजोबा?"

मग ती बाई हॉलकडं तोंड करून म्हणाली, "अहो, इथं रामहरी कोण हाय?"

पुरुषांनी एकमेकांकडं पाहिलं असावं. कृष्णराजनं आपल्या नऊ माणसांना विचारलं; त्यांत रामहरी नावाचा कुणी नव्हता. शांतलिंग म्हणाला, की समोरच्या गल्लीत एक रामहरी होते, पण ते मागंच वारले.

"मी हाय!" रामहरी वरून ओरडले. "मी!"

नव्वद माणसांच्या गर्दीतून ज्यांची हाक ड्रायव्हरला ऐकू जायची, त्यांचा तो आवाज जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंतही गेला नाही. खाली पोरं दंगा करत होती. तळहाताखाली पाइप गुरगुरत होता. ते तसेच उकिडवे बसून राहिले. तेहतीस वर्षांत गाडीत त्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदाच जाणवलं. सगळे म्हणायचे, कंडक्टर. नावानं हाक मारणारी एकच होती, मथुराबाई.

खाली कुणीतरी म्हणालं, द्या तिकडं आतल्या आजीकडं, लेकरू रडंल उगं. आणि मग फोनचा आवाज बंद झाला.

मोटारीनं पाणी धरायला आणखी अर्धा तास घेतला. कोपरापर्यंत भिजून रामहरी खाली आले, तेव्हा लोक निघाले होते. चीज संपलं होतं, पीठ संपलं होतं आणि लग्नाची बाई काही आली नव्हती. ड्रेनेजचा विषयही निघाला नव्हता. तरी सगळे खुशीत होते. "असं दर महिन्याला ठेवा बरं का," असं एक गृहस्थ गेटात हात जोडून सांगत होते, पण ते कृष्णराजला. कृष्णराजनंही हात जोडले आणि आपल्या लोकांची सेवा हेच आपलं कर्तव्य असल्याचं सांगितलं. शिवलीला पोरं, तवे आणि पिठाचा डबा गोळा करत घाईनं गेली. तिला वाटलं शांतलिंग मागं आहे. शांतलिंग कृष्णराजबरोबर टाकीबद्दल बोलत पुढं गेला; त्याला वाटलं शिवलीला मागं आहे. जाता जाता एका बाईनं रामहरींना विचारलं, "तुमी कुठल्या घरातले?"

"ह्याच," रामहरी म्हणाले.

सगळे गेल्यावर त्यांनी गेट लावलं. दिवे लागायची वेळ झाली होती. भिंतींवर टोमॅटोच्या रसाचे हात उमटले होते, फरशी पिठानं पांढरी झाली होती. ओट्यावर एक अर्धी भाकरी आणि ठेच्याची वाटी तेवढी उरलेली. त्यांनी स्वतः काही खाल्लं नव्हतं. आपापला पिझ्झा आपण करायचा, ही अट सगळ्यांनी पाळली होती. फक्त त्यांचा तेवढा राहिला होता. फोन शोधत ते आतल्या खोलीत गेले आणि दारातच थांबले.

पलंगावर इरम्मा बसली होती. मांडीवर फोन होता, हात पदरात घेतलेले, पाय खाली लोंबत होते.

"अव्वा, तुमी हितंच?" रामहरी म्हणाले. "सगळी गेली की."

"गेली व्हय? बरं झालं. लई कालवा करत होती." तिनं फोन पुढं केला आणि कानडीत धाकट्या भावाला मारतात तशी हाक मारली. "तुझी नात गोड हाय बघ, तम्मा. अर्धा घंटा बोलली. मला म्हणाली, आजोबांना लई मित्र हायत, दर रविवारी येत्यात. खरं हाय का?"

रामहरींनी फोन घेतला आणि खाली पाहिलं. आता लेकरू काय म्हणालं असेल, त्याला काय वाटलं असेल, हे त्यांना विचारवेना.

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्या म्हणलं, खरं हाय. म्यापण त्यातलीच हाय." इरम्मानं गुडघा चोळला. "तुला हंडा घेऊन वर जाताना बघितलं होतं म्या. पोरीला सांगितलं, तुझा आजोबा माडीवर पाणी भरतोय, आमची तहान भागवतोय. लई कामाचा माणूस हाय. ती खूश झाली. म्हणाली, आता आजोबांना त्रास देत न्हाय, उद्या फोन करते."

रामहरी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग त्यांना एकदम आठवलं, आणि ते उठून म्हणाले, की शांतलिंगला कळवतो, घरचे काळजी करत असतील.

"बस खाली," इरम्मा म्हणाली. "कळू दे त्यांचं त्यांना. मागं अक्कलकोटला लग्नाला गेलो होतो, तवा मंडपातच राहिले म्या. नळदुर्ग आलं तवा त्यांच्या ध्यानात आलं. आज तर घर शेजारीच हाय. बघू कवा ध्यानात येतंय." तिनं इकडं तिकडं पाहिलं. "मला कुणी ते पिझ्झा काय म्हणत्यात ते दिलंच न्हाय. सगळी म्हणली, तिला दात न्हायत."

रामहरी स्वयंपाकघरात गेले. अर्धी भाकरी तव्यावर टाकली. चीजच्या पाकिटात बोट फिरवून जेवढं निघालं तेवढं तिच्यावर लावलं. मग काहीतरी सुचून त्यांनी कपभर दूध तापवलं. भाकरीचा निम्मा तुकडा त्यांनी ठेचा लावून स्वतःला ठेवला आणि निम्मा दुधात कुस्करून, वरून चीजचा थेंब सोडून इरम्माला दिला. इरम्मानं एक घास घेतला, जिभेवर घोळवला.

"पिझ्झा का हा?"

"पिझ्झाच म्हणायचं."

"काला हाय हा. पण चांगला हाय."

ती हळूहळू खात होती आणि मधूनमधून रामहरींना विचारत होती, बायको कधी गेली, कशानं गेली, कशी होती दिसायला. रामहरी सांगत होते. मथुराबाई भांडायची कशी, डबा द्यायला डेपोत यायची कशी, आणि नव्या घरात पहिल्या दिवशी ह्याच पलंगावर बसून, इथं कुणाचा आवाज येत न्हाय हो, असं कसं म्हणाली होती. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

साडेसात वाजून गेले तेव्हा बाहेर गेट खडखडलं. शांतलिंगचा आवाज आला, घाबराघुबरा. "काका! ओ काका! आमची अव्वा हाय का हो तुमच्याकडं?"

रामहरी उठायला लागले. इरम्मानं त्यांचं मनगट धरलं. म्हातारीच्या मानानं पकड भलतीच घट्ट होती.

"बोलू नको," ती कुजबुजली.

बाहेर शांतलिंगनं आणखी दोनदा विचारलं. दिवा आतल्याच खोलीत होता, पुढं अंधार. म्हातारा झोपला असेल असं समजून तो वळला. मग पलीकडच्या गेटाशी त्याची हाक ऐकू आली, "अव्वा!" मग त्याच्या पुढच्या. "अव्वा! ए अव्वा!" एकेक गेट उघडत गेलं, माणसं बाहेर आली. सबंध कॉलनीत ती एकच हाक घरोघर फिरायला लागली.

इरम्मा वाटी मांडीवर धरून, मान किंचित कलती करून ऐकत होती. "ल्हान होता तवा दिवे लागले तरी घरी यायचा न्हाय," ती म्हणाली. "म्या अशीच ह्याच्या नावानं वरडत दारोदार हिंडायची."

हाक दूर गेली, हायवेच्या बाजूला. तिथून वळून पुन्हा जवळ यायला लागली. आता तिच्यात रडं मिसळल्यासारखं वाटत होतं. रामहरींना राहवेना. "अव्वा, सांगू का आता? घाबरलाय त्यो."

इरम्मानं वाटीतला शेवटचा घास बोटानं निपटून खाल्ला, पदरानं तोंड पुसलं.

"सांग," ती म्हणाली. "पर आजून एकडाव वरडू दे."

दोघं थांबून राहिले. गेटाशी हाक आली. मग रामहरी उठले आणि त्यांनी पुढचा दिवा लावला.